पढवून आणलेला नवरा

सुरतेतल्या पर्वत पाटियाजवळच्या चाळीत उषाबाईला सगळे जरा वचकूनच असत. प्लेगच्या साली निम्मी सुरत गाठोडी बांधून पळाली, तेव्हा ही बाई दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होती. "गावले जाईसन काय खावानं?" एवढंच तिचं म्हणणं. दोन वर्षांनी अशा बाईचा नवरा एकाएकी मुका झाल्यासारखा झाला, आणि तिची खरी पंचाईत झाली.

हा नवरा, भिकन, लूम्सच्या खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारीगर होता, हात चांगला होता. पण दिवाळीनंतर धागा तुटला तरी तो मशीन थांबवेना; नुसता बघत उभा राही. कापडाचे ताक्यामागून ताके बिघडले. शेठने थोडे दिवस सांभाळून घेतलं, मग सांगितलं, "डोकं ठिकाणावर आहे असं सरकारी दवाखान्यातून लिहून आण, मग ये." शेठचंही काही चुकलं नाही. चालत्या लूमपाशी असा माणूस कोण उभा करील?

शेठला आणि चाळीला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. एका दुपारी उषाबाई पाणी भरून घरात आली, तर छताच्या कडीला नवीकोरी नायलॉनची दोरी लटकत होती आणि भिकन बाहेर विडी ओढायला गेला होता. तिने डब्यावर चढून दोरी सोडली, गॅलरीत ताणून बांधली आणि तिच्यावर धुणं वाळत घातलं. भिकन परत आला, धुण्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकून बसला. ना तो काही बोलला, ना ती. नवऱ्याला वेडा म्हणवून घ्यायचं, वर त्याचं कामही घालवायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने ठरवून टाकलं.

शेजारच्या बन्सीलालचा साडू याच दवाखान्यात जाऊन आलेला. त्यामुळे तिथे काय विचारतात आणि कोणत्या क्रमाने विचारतात, हे बन्सीलाल पेपर फुटल्याच्या ऐटीत सांगायचा. आज वार कोणता? शंभरातून सात गेले किती? घराला आग लागली तर काय कराल? कानात कुणी बोलतं का? मरावंसं वाटतं का? "शेवटलं समदं नही म्हनानं," त्याने बजावलं. डॉक्टरपुढे हिंदीत बोलावं लागेल, म्हणून उत्तरंही हिंदीत बसवली. उषाबाईने आठवडाभर टिकल्या चिकटवता चिकटवता भिकनकडून ती घोकून घेतली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते असं. पण बिचारीला आजार बरा करायचा नव्हताच; तिला नवरा पास करायचा होता.

डॉक्टर जागृतीबेन तरुण होत्या, पण उतावळ्या नव्हत्या. भिकन आत आला कसा, बसला कसा, शर्टाची बटणं भलत्याच काजात आहेत, हे सगळं त्या काही न विचारता बघत होत्या. मग त्यांनी वार विचारला. भिकनने सांगितला. शंभरातून सात गेल्यावर उरलेलेही त्याने चटकन सांगितले. खुर्चीच्या कडेला बसलेल्या उषाबाईचा जीव भांड्यात पडला.

जागृतीबेननी पेन टेबलावर ठेवलं आणि हळूच विचारलं, "भिकनभाई, मर जाने का मन होता है?"

"पानी डालेंगे, लोगों को बुलाएंगे," भिकन म्हणाला.

उषाबाईच्या तोंडाचं पाणी पळालं. जागृतीबेन रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "बेन, ये सब किसी ने सिखाया है, वो रहने दो. घर में कुछ देखा है आपने?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिने तोंड उघडलंही. पण शेजारी बसलेला नवरा आग विझवायचं उत्तर देऊन, बरोबर आलं का म्हणून तिच्याकडेच बघत होता. ते बघून तिला मनापासून स्वतःची लाज वाटली. तिने दोरीचं सांगून टाकलं, अडखळत, अर्धं हिंदीत आणि अर्धं अहिराणीत.

भिकनने मान पूर्ण वळवली. "ती दोरी कसाले, तुले माहीत व्हतं?"

"हां."

"मंग बोलनी काब नही?"

"मले भ्याव वाटे," उषाबाई म्हणाली. "तोंडमाईन निंघनं, तं ते खरं व्हई जाई."

बाहेर रांगेतली माणसं कुरकुरू लागली होती. जागृतीबेननी उठून दार लावलं आणि पुन्हा येऊन बसल्या. "अब फिर से पूछती हूं. सिखाया हुआ मत बोलना. मरने का मन होता है?"

भिकनने या वेळी बायकोकडे बघितलं नाही.

"हां," तो म्हणाला. "रोज."