मेणाचं डोकं

देव आपलं ऐकतो की नाही, ही शंका मला आणीबाणी उठली त्या सुमारास पहिल्यांदा आली. मी तेव्हा तरणाबांड होतो आणि वसईतल्या आमच्या गावच्या चर्चच्या नाटकात दरवर्षी दुष्ट राजा व्हायचो. भर दरबारात तलवार उगारायची आणि मी तसाच थिजायचो. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. क्षणभराने परत आलो की तलवार कुणावर उगारली होती तेच आठवायचं नाही. लोक टाळ्या वाजवायचे. त्यांना तो अभिनय वाटे. मग एकदा वाडीतल्या बावखलातून, म्हणजे शिंपण्याच्या तळ्यातून, पाणी काढताना तसंच झालं आणि शेजाऱ्याने मला शेवाळासकट बाहेर ओढलं. आयने माझी वाडी बंद केली आणि नाटकही.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, फिटचाच प्रकार वाटतो, पण मेंदूचा आलेख काढल्याशिवाय औषध ठरवणार नाही. आय ताबडतोब देवमाता माउलीला नवस बोलली: त्या यंत्रापुढे माझ्या पोराला झटका येऊ देऊ नकोस, मेणाचं डोकं वाहीन. आमच्याकडे जो अवयव बरा व्हावा, त्याचाच मेणाचा आकार वाहतात. केस धुऊन कोरडे ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी धुतलेही. पण निघताना दारातच आयने प्रार्थना पुटपुटत माझ्या टाळूवर खोबरेल चोपडलं. एवढ्या मोठ्या माणसांसमोर पोराने रखरखीत डोक्याने जायचं?

दवाखान्यात डोक्याला तारा बसवणाऱ्या बाईंचा लेप अर्थातच चिकटेना. "मावशी, डोकं तपासायचंय, तळायचं नाहीये," त्या म्हणाल्या. ओळख ना पाळख, तरी मला बेसिनवर वाकवून त्यांनी स्वतः साबणाने डोकं धुतलं. आयला इतकी माया आली की तिने माझ्या नाटकातल्या राजापासून नवसापर्यंत सगळं सांगून टाकलं. बाईंचा हात थांबला.

"मावशी, झटका आला तरच कागदावर दिसेल हो."

आय बाकावर जाऊन बसली, रोझरीची माळ काढली आणि मघाचं ऐकू नकोस म्हणून माउलीची मनधरणी करू लागली.

माझ्या डोक्यावर तारांचा मुकुट चढला. यंत्राच्या लेखण्या सरकत्या कागदावर संथ लाटा काढत होत्या. झटका यावा म्हणून बाईंनी मला जोरजोरात श्वास घ्यायला लावलं. काहीच नाही. मनात आलं, थिजण्याचा एवढा सराव आहे, एक वठवून टाकू. नजर लावली, मान ताठ केली.

"राजे, नाटक नको," बाई म्हणाल्या. "यंत्र टाळ्या वाजवत नाही."

मला हसू आलं आणि त्या हसण्यात सगळा ताण गळून पडला. म्हटलं, देवा, हे डोकं तुझंच. आणायचं तर आण, नाही तर राहू दे. पुन्हा श्वास घेऊ लागलो.

पुढचं मला ठाऊक नाही. डोळ्यांत जीव आला तेव्हा बाई हसत होत्या, आय रडत होती आणि कागदावर संथ लाटांच्या मधोमध उंच उंच टोकांची रांग उभी होती. ज्याला मी इतका घाबरत होतो, तो अगदी वेळेवर आला होता. औषध ठरलं, झटके थांबले आणि पुढच्या नाताळात माझी तलवार न अडखळता खाली आली. टाळ्या जरा कमी पडल्या, एवढंच.

तेव्हापासून मी देवाकडे मागतो, पण कसं द्यायचं ते शिकवत नाही.

झटका तर आला, मग नवस कसला फेडतेस, असं मी आयला चिडवलं. तिने लक्षच दिलं नाही. माउलीच्या देवळाच्या पायरीशी पिशवीतून मेणाचं डोकं काढून तिने ते पदराने लख्ख पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"धर नीट," ती म्हणाली. "तेल नाही लावलं."