बाथरूमचा उंबरा

थेरगावच्या एका बिल्डरने माझ्या धाकट्या भावाला, दत्ताला, फसवलं. व्हीलचेअरवरच्या फौजीसाठी खास घर म्हणून फ्लॅट विकला आणि बाथरूमच्या दारात ग्रॅनाइटचा उंबरा ठेवला. त्या उंबऱ्याने काय केलं, ते डॉक्टरांनी सांगितलं: "प्रेशर सोअर आहे. हाडापर्यंत गेलाय."

प्रेशर सोअर म्हणजे दाबाने, घासण्याने कातडी मरते आणि जखम आत वाढत जाते. सरहद्दीवर पाठीचा कणा मोडल्यापासून दत्ताला कमरेखाली काही जाणवत नाही. चाकं उंबऱ्याला अडायची. घरात कोणी नसलं की तो खाली उतरून त्या धारेवरून अंग ओढत आत जायचा. कातडी सोलली, त्याला पत्ता नाही. ताप चढला तेव्हा आम्ही मलेरिया समजलो.

मी चाकणच्या कंपन्यांचं भंगार घेतो. घासाघीस हाच माझा धंदा. चावी घेतानाच मी बिल्डरला भिडलो होतो.

"शेठ, उंबरा काढला तर वॉटरप्रूफिंगची गॅरंटी गेली," तो म्हणाला. "लेखी परवानगी देतो, थोडं थांबा." मग दत्ताला शाल घालून त्याने फोटो काढून घेतले.

मी दगड कापायचा ग्राइंडर घेऊन गेलो, तर दत्ताने खुर्ची आडवी घातली.

"दादा, परवानगी येऊ दे. घर आहे हे, तुझं भंगार नाही."

"आणि नाही आली तर?"

"येईल. शब्द दिलाय त्याने."

फौजेत वरून शब्द आला की माणूस थांबतो. दत्ता थांबला.

ऑपरेशन झालं. शेजारचं मांस आणि कातडी सरकवून जखम झाकली, त्याला फ्लॅप म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "जखम भरली तरी पूर्वीसारखं दिवसभर बसता येणार नाही." बसणं एवढंच त्याच्याकडे उरलं होतं.

तुमच्या घरी असं माणूस असेल तर रोज आरसा धरून त्याची मागची बाजू बघा. लाल डाग दिसला की त्या जागेवरचा भार काढा, डॉक्टर गाठा. दुखत नाही म्हणतो, यावर जाऊ नका. हे आम्हाला वॉर्डातल्या सिस्टरने शिकवलं. तिचे उपकार फिटणार नाहीत.

परवा मी उंबरा कापला. कोणाला विचारलं नाही. चहा निवायच्या आत निघाला. पाणी बाहेर आलं नाही.

दत्ता पालथा पडून असतो. "परवानगी आली का रे, दादा?" म्हणतो. चेष्टा करतो की खरंच विचारतो, मला कळत नाही.

बिल्डरसाहेब, मला काही सांगू नका. शाल घालायला आला होतात, तसे या. त्याच्या उशाशी बसा आणि त्याला उत्तर द्या.