कुठेतरी दाह आहे

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी पुण्यातल्या रक्तपरीक्षेच्या खोलीत स्पिरिटचा वास भरून राहिला होता, आणि खिडकीतून आलेले कोवळे ऊन लाकडी घोडीवर उभ्या केलेल्या काचेच्या एका बारीक नळीवर पडले होते. नळीत माझे रक्त होते. ती तासभर तशीच उभी ठेवायची आणि तेवढ्या वेळात तांबडा भाग किती खाली बसतो ते पाहायचे, एवढीच ती परीक्षा. मला बाहेरच्या बाकावर बसवले होते. पण दार उघडे होते आणि माझी नजर तिथून हलत नव्हती. हळूहळू नळीच्या माथ्याशी गव्हाच्या काडीच्या रंगाचे नितळ पाणी दिसू लागले, त्याच्याखाली तांबडी रेघ उतरत गेली, आणि आपल्याच देहातले काहीतरी आपल्यादेखत बुडते आहे असे मला वाटत राहिले.

वीसच्या आत हवा तो आकडा साठाच्या वर गेला होता. डॉक्टर सौम्य गृहस्थ होते. छातीचे चित्र उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "शरीरात कुठेतरी दाह आहे. कुठे, ते हे रक्त सांगत नाही. फुफ्फुसे आज तरी स्वच्छ दिसतात. तीन महिन्यांनी पुन्हा या."

त्यांच्या सगळ्या बोलण्यातले 'आज तरी' हे दोनच शब्द मी बरोबर घेऊन निघाले. मोटार कात्रजचा घाट उतरली, शिवरे मागे पडले, कामथडीच्या खाचरांत भाताचे खुंट दवाने ओले होऊन चमकत होते, कुठेतरी झोडणी चालली होती आणि पेंढ्याचा गोडसर, धुळकट वास वाऱ्यावर येत होता. दरवर्षी या वासाने मला भूक लागायची. त्या दिवशी पदर नाकाशी धरून मी बसले. शेजारी हे होते. कोटाच्या खिशातल्या अहवालाच्या लिफाफ्यावर हात ठेवून.

भोरच्या मुलींच्या शाळेत मी तेव्हा शिकवीत असे. दिवाळीपासून संध्याकाळी अंग कसकसायचे, आणि सकाळी फळ्यापाशी उभी राहिले की बोटे खडूभोवती नीट मिटत नसत. थंडीने होत असेल म्हणून बोटांचे मी कुणालाच सांगितले नाही. डॉक्टरांना सांगितले ते फक्त तापाचे. कारण माझी थोरली बहीण, आमची अक्का, अशाच बारीक तापाने सुरुवात होऊन क्षयाने गेली होती. अखेरच्या दिवसांत मी तिच्या उशाशी होते. संध्याकाळी तिच्या गालांवर चढणारी ती खोटी, सुंदर लाली मी पाहिली होती. त्यामुळे 'कुठेतरी' म्हणजे कुठे, हे डॉक्टरांना ठाऊक नसले तरी मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती.

मग शाळेतून मी रजा घेतली, आणि घरात एक निराळेच व्रत सुरू झाले. पहाटे, दुपारी, दिवेलागणीला जिभेखाली तापमापक. खोकला मुद्दाम काढून पांढऱ्या फडक्यावर तांबडा ठिपका शोधायचा, तो सापडला नाही की उद्या सापडेल म्हणून झुरायचे. आरशात गाल पाहायचे. माझे ताट वेगळे, पेला वेगळा, अंथरूण पलीकडच्या खोलीत. आमची सुमी तेव्हा चार वर्षांची होती. ती धावत आली की मी दोन्ही हात पुढे करून तिला थांबवीत असे, आणि ती हातभर अंतरावर उभी राहून, हा कसला खेळ आहे हे ओळखू पाहत असे. पहिले काही दिवस ती हसली. नंतर हसेनाशी झाली.

धुणेभांडी करायला भाटघरहून ठकूबाई यायची. एकदा भांडी उपडी घालता घालता ती म्हणाली, "बाई, काल पोर तुमच्या दाराशी बसून रडत हुती. तुमास्नी ऐकू आलं न्हाई व्हय?"

"आलं."

"मग?"

मी तापमापक झटकून जिभेखाली धरला. ती हात पुसत उठली. "आमच्यात बी लई मानसं खोकून खोकून गेली, बाई. पर जित्या मानसानं आपल्या लेकराला असं लांब बसवल्यालं म्या कुठं बघितलं न्हाई."

मला तिचा राग आला. ही अडाणी बाई, हिला काय कळणार जंतू म्हणजे काय, असे मनात म्हणून मी त्याच आठवड्यात सुमीला वेल्ह्याला पाठवायचे ठरवले. तिथे माझ्या नणंदेचे यजमान शाळामास्तर होते. घरी यांनी मला एकदाच विचारले, "तीन महिने थांबून मग ठरवलं तर?" मी म्हणाले, "तोवर तिला लागलं तर?" पौषातल्या धुक्यात नीरा दिसेनाशी झाली होती त्या सकाळी हे तिला घेऊन गेले, आणि मी खिडकीच्या गजांआडून पाहत राहिले. निरोपाचा पापासुद्धा घेतला नाही.

वेल्ह्याहून वन्संची पत्रे येत. सुमीचे वजन वाढले आहे, तोरण्याकडे बोट दाखवून 'तो माझा डोंगर' म्हणते, रात्री आता रडत नाही. हे शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात आनंद मानायचा होता, आणि तो मानता येत नव्हता.

माघ सरता सरता आंब्यांना मोहोर धरला, त्याच्या वासाने रस्ते जड झाले, आणि फाल्गुनात आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. आकडा तसाच वर होता. मी डोळे मिटून घेतले. पण नाडी पाहायला धरलेला माझा हात डॉक्टरांनी सोडला नव्हता. ते एकेक बोट दाबून पाहत होते. "हे सांधे केव्हापासून सुजतात?"

"दिवाळीपासून."

"मागच्या वेळी बोलला नाहीत." त्यांनी हात हलकेच मेजावर ठेवला. "हा सांध्यांचा दाह आहे. दुखेल, वाढेलही कदाचित. बोटे वाकडी होतील. पण छातीत काही नाही, आणि हा कुणाला लागत नाही."

"म्हणजे मुलीला जवळ घेतलं असतं तर चाललं असतं?"

त्यांनी आश्चर्याने वर पाहिले. "का नाही चालणार?"

हे खिडकीबाहेर पाहू लागले. मला रडू आले नाही. सुटकेचाही अनुभव आला नाही. इतके दिवस ज्या मरणाशी मी बोलत होते ते एकाएकी उठून गेले, आणि त्याच्या जागी एक दीर्घ, दुखरे आयुष्य येऊन बसले, एवढेच जाणवले.

चौथ्या दिवशी आम्ही वेल्ह्याला पोचलो. सुमी ओट्यावर चिंचोके मांडून बसली होती. तिने मला ओळखले. उठून नीट उभी राहिली, आणि वन्संच्या लुगड्यामागे गेली. वन्सं ओशाळून म्हणाल्या, "अगं, आई आली ना." सुमीने मान डोलावली. कुणी पाहुणे आल्यावर शहाणी मुले डोलावतात तशी.

परतीच्या बैलगाडीत ती माझ्या शेजारी होती. मध्ये मी आता काहीच ठेवले नव्हते, तरी दोघींत एक वीतभर जागा राहिली आणि ती कुणी भरली नाही. माळावर पळस पेटला होता, चाकांखालून उन्हात तापलेल्या मातीचा वास येत होता. गाडीच्या हेलकाव्यांनी तिचे डोळे मिटले आणि ती गाठोड्यावर डोके टेकून झोपली. बऱ्याच वेळाने मी माझा सुजलेला हात उचलून तिच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होते. हात मी तसाच ठेवला. पण तो मायेने ठेवला होता की ताप पाहायला, हे मला तेव्हा कळले नाही, आणि आजही सांगता येत नाही.