माळवदावरची मोकळीक

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी कपडे घालायचं सोडलं. तेही सोलापुरात राहून, चादरी विणणाऱ्या मागवाल्याचा मुलगा असून!

दोष घामोळ्यांचा. पाठीवर अशी उठली होती, की सदरा म्हणजे खाजकुयली वाटायची. त्यातच कचेरीतल्या एकानं निसर्गोपचाराचं पुस्तक वाचायला दिलं. परदेशात म्हणे डॉक्टर, न्यायाधीश, शाळामास्तर सहकुटुंब वस्त्रावाचून राहतात, पोहतात, बागेला पाणी घालतात, आणि कुणी कुणाकडं टकमक बघत नाही. मी भारावून गेलो!

"नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे," मी चहा पिता पिता जाहीर केलं. "ती एक जीवनपद्धती आहे."

"मग दूध आणायला तसंच जावा की," माझी बायको सुमन म्हणाली.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, फक्त कपाळाला हात लावला. "मी जलमभर जगाला झाकलं, आन् तू लेका माज्यावरच उलटलास?"

शेवटी तडजोड झाली. रविवारी सकाळी घरावरच्या सपाट माळवदावर दोऱ्या बांधून चारी बाजूंनी चादरी सोडायच्या, आणि आत मी. अंगाला करडईचं तेल, तोंडावर ओला पंचा. काय सांगू तो आनंद! वारा अंगभर विचारपूस करत फिरायचा. घामोळी पळाली! साऱ्या गावाला हाळी द्यावीशी वाटायची, "काढा रे, काढा!"

अशाच एका रविवारी माझ्या बहिणीला, महादेवीला, बघायला मैंदर्गीचे पाहुणे दुपारी यायचे होते. ते सकाळीच आले. (वाटेत कुणाचा तरी ट्रक मिळाला म्हणे!) घरात धांदल उडाली. बैठकीवर अंथरायला धड काही नाही, म्हणून महादेवी वर धावली. "दादा, मी डोळे मिटलेत हं! पाहुणे आलेत, कपडे घाल!" असं ओरडून तिनं दोरीवरचं हाताला लागेल ते ओढलं आणि खाली पळाली. हे सगळं तिनं नंतर सांगितलं. मी पालथा पडून घोरत होतो. आणि हाताला लागेल त्यात माझी लुंगीही होती!

मला जाग आली ती किंकाळीनं. शेजारच्या माळवदावर अंकम्मावहिनी मिरच्या वाळत घालायला आल्या होत्या.

"दोंगा! दोंगा! चोर!"

त्यांचं तरी काय चुकलं? उघडाबंब, तेलानं चकाकणारा माणूस दुसऱ्याच्या छपरावर! जन्माची शेजारीण, पण मला पाठमोरं ओळखायची वेळ कधी आली नव्हती.

"वहिनी, मी हाय की!" मी उठून म्हणालो. उठलो तेच चुकलं. किंकाळी दुप्पट झाली!

खालून आरडाओरडा सुरू झाला. "धरा! तेल लावून आलाय, निसटंल!" जिन्यावर पावलं धडधडली. चादरी नाहीत, लुंगी नाही, पंचाही वाऱ्यानं उडालेला. कुरडयांचं सूप तेवढं दिसलं. कुरडया ओतल्या, सूप पुढं धरलं, तोच काठी उगारून नवरदेवाचे वडील समोर!

"यारू नीनू? कोन रं तू?"

"नमस्कार. मी मुलीचा भाऊ." सवयीनं दोन्ही हात जोडायला गेलो आणि ऐन वेळी सावरलो.

काठी खाली आली. म्हातारा एकदम मऊ झाला. "शिव शिव! संन्यास कवा घेतला?"

मागून धापा टाकत आलेल्या अण्णांनी संधी साधली. "व्हय व्हय, लई वैराग्य त्याला. ल्हानपनापास्नं!"

सुटलो होतो. फक्त गप्प बसायचं होतं. पण तत्त्वाचा प्रश्न होता ना! "वैराग्य कसलं?" मी ठणकावलं. "संसारी माणूस आहे मी! ही जीवनपद्धती आहे. परदेशात न्यायाधीशसुद्धा..."

म्हातारा अण्णांकडं वळला. "पावनं, घरान्यात आनी कोन कोन हाय असं?"

पाच मिनिटांत मी चोर झालो, साधू झालो, आता वेडा ठरत होतो. साधा सरकारी कारकून मात्र कुणालाच दिसेना! आणि भोगणार होती महादेवी. एका सुपाआडून मी तिचं लग्न मोडत होतो.

तेवढ्यात जिन्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. नवरदेव! त्याच्यामागं महादेवी उभी होती, मान फिरवून, हातात माझी लुंगी.

"दादा, ही चुकून बैठकीवर अंथरली गेली," ती म्हणाली, आणि नवरदेवाला हळूच, "तुमीच बसला होता हिच्यावर."

झालं! तो हसत सुटला, तीही सुटली. दोघं पोट धरून पायरीवरच बसली. म्हाताऱ्यानं दोघांकडं बघितलं, माझ्याकडं बघायचं टाळलं, आणि काठी टेकली. "ह्यांचं जमलं. आता आमी काय बगायचं?"

लग्न वैशाखात झालं. मी रीतीप्रमाणं नवरदेवाचा कान पिळला, आणि व्याह्यांनी मला पोशाख दिला. धोतर, सदरा, कोट, फेटा, उपरणं, वर लोकरीचा मफलर!

"हितंच घाला," व्याही म्हणाले. "आमाला बगू द्या."

भर मांडवात मी एकेक कपडा अंगावर चढवला. नवरानवरीवर अक्षता पडल्या तेव्हासुद्धा एवढ्या टाळ्या वाजल्या नव्हत्या!