लेकीविरुद्ध साक्ष

वालूरच्या शिवेकडे, जिथे घरे विरळ होत जातात आणि कापसाची राने सुरू होतात, तिथे भागुबाईचे पत्र्याचे घर आहे. मायबापहो, या घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. इथे तांदूळ संपत नाहीत, वाढतात. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. हा नेम तुमच्या-माझ्या घरीही असेल. पण भागुबाई मेंढरांमागे लहानाची मोठी झाली, आणि मेंढक्यांच्या तळावर हा नेम फार कडक. तिथे मेंढी लंगडत नाही, ती 'सावकाश चालते'. उघड्या माळावर, लांडग्याच्या शेजारी रात्र काढणारा माणूस आपल्या जित्राबाचे उणे तोंडाने काढत नाही. उणे बोलले की ते ऐकायला कुणीतरी टपलेलेच असते, आणि ते 'तथास्तु' म्हणते.

याला अडाणीपणा म्हणून हसू नका. नाम घेतल्याने जीव तरतो असे मानणाऱ्याला दुसरी बाजूही मानावी लागते. शब्द तारत असेल, तर तो बुडवूही शकतो.

भागुबाईची एकुलती लेक शिवकन्या. ती पाथरीकडच्या माळावर, तळावरच जन्मली. उशिरा बसली, उशिरा चालली, बोलली तेव्हा तिच्याबरोबरीची पोरे शाळेत जात होती. आज ती लग्नाच्या वयाची आहे आणि तिची समज अंगणात खेळणाऱ्या लेकराएवढी आहे. लोकांनी या पोरीला नाना नावे ठेवली. भागुबाईने एकच वाक्य धरले, "शिवकन्या सावकाश हाय."

आणि त्या सावकाशीला तिने हाताला धरून चालवले. अंगावर पाणी घ्यायला शिकवण्यात एक उन्हाळा गेला. परकराची नाडी बांधण्यात दुसरा गेला. वेणी, वाटीतले कालवण, चुलीपासून हातभर लांब बसणे, सगळे तिने शिकवले, आणि शिकवण्याचा मंत्र एकच, "येतं तुला." पोर तांब्या हातात धरून आईच्या तोंडाकडे पाहत उभी राही. आई म्हणे, "येतं तुला." मग पोर पाणी घेई. आईने म्हटले की ते खरेच असते, एवढेच शास्त्र तिला ठाऊक होते. देवाच्या शब्दावर आपला इतका विश्वास असता, बापहो, तर आपण कुठल्या कुठे पोहोचलो असतो.

पूर्वी सारे कुटुंब मेंढरांबरोबर हिंडायचे. पण एका वर्षी गोदावरीच्या पलीकडे शिवकन्या परक्या कळपामागे चालत थेट मोठ्या रस्त्यावर गेली, आणि ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. त्या दिवसापासून भागुबाईचा नवरा मल्हारी भावाला घेऊन कळपाबरोबर जातो, आणि मायलेकी गावात राहतात. मल्हारी पाठवतो त्यात दोघींचे भागत नाही. भागुबाईला खुरपायला, कापूस वेचायला जावे लागते. रानात पोरीला न्यावे तर ती बांध ओलांडून निघून जाते. म्हणून सकाळी भाकरी झाकून ठेवायची, पाण्याचा तांब्या भरायचा, पोरीच्या केसांवरून हात फिरवायचा, आणि बाहेरून कडी घालून कुलूप लावायचे.

शिवकन्या रडत नसे. रडली असती तर बरे झाले असते. ती खिडकीच्या गजांमधून चार बोटे बाहेर काढून ठेवी, आणि रानाच्या वळणापर्यंत भागुबाईला ती बोटे पाठीवर टोचत राहत. एकदा भर चैत्रात ती घरी आली, तेव्हा पत्रा तव्यासारखा तापला होता आणि पोर दाराच्या फटीला नाक लावून जमिनीवर आडवी पडली होती. भागुबाईने तिला मांडीवर घेतले, पाण्याचे बोट ओठांवरून फिरवले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप लावले. न लावून काय केले असते?

अंगणवाडीच्या सुकेशनीताईंनी हे पाहिले आणि मार्ग सांगितला. सरकारचे अपंगांसाठी दरमहा अनुदान आहे. ते लागू झाले तर भागुबाईला रोज रानात जायची गरज उरणार नाही, लेकीपाशी बसता येईल. त्यासाठी आधी परभणीला डॉक्टरांकडून प्रमाणपत्र हवे, आणि त्यावर चाळीस टक्के तरी दिव्यांगत्व लिहिलेले हवे. भागुबाईला टक्के कळले नाहीत. कुलूप लावावे लागणार नाही, एवढे मात्र नीट कळले.

पहिल्या खेपेला तिने लेकीला न्हाऊ घातले, घट्ट वेणी घातली, नवा परकर नेसवला. तिथे तपासणाऱ्या माधवी मॅडमनी पोरीला काही चित्रे, काही ठोकळे दिले, आणि मग आईला विचारू लागल्या. अंघोळ करते का? कपडे घालते का? हाताने जेवते का? लघवीचे सांगते का? भरल्या दवाखान्यात, परक्या माणसांपुढे, पोटच्या पोरीचे उणे भागुबाई कशी काढणार? ती मान ताठ करून 'करती की', 'येतं की' म्हणत गेली. मधेच पदराआडून तिने बोटे मोडून पोरीची दृष्टही काढली. आणि प्रमाणपत्र आले ते त्या चाळिसाच्या निम्म्याहूनही उणे, कशालाच न पुरणारे.

सुकेशनीताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"मावशे, त्यांनी पोरीची परीक्षा घेतलीच न्हाई, तुमची घेतली. आन तुमी फस्ट क्लासात पास झालात."

मग त्यांनी समजावले. फेरतपासणी मागता येते. खोटे बोलायचे नाही. पण पोर हे सगळे आपल्या मनाने करते, की तुम्ही म्हटल्यावर, ते सांगायचे. तुम्ही म्हटल्याशिवाय ती तांब्याला हात तरी लावते का, हे आजवर तिला कुणी विचारले नव्हते. तिने स्वतःलाही विचारले नव्हते.

दुसऱ्या खेपेला सुकेशनीताई बरोबर गेल्या. भागुबाईने आधी पोरीला बाहेरच्या बाकड्यावर बसवून पाहिले. पण शिवकन्येने पदर सोडला नाही. माधवी मॅडमही म्हणाल्या की तिला समोरच असू द्या. त्या भल्या बाई होत्या, त्यांना घाई नव्हती. त्यांनी तेच प्रश्न विचारले, फक्त प्रत्येकापुढे जोडले, "तुम्ही न सांगता?"

"न्हाई," भागुबाई म्हणाली. आयुष्यात लेकीविषयी हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला.

कपडे?

"न्हाई."

शिवकन्येला आधी तो खेळ वाटला. ती हसली आणि आईच्या दंडाला बोट लावून म्हणाली, "आई, येतं मला."

मॅडम थांबल्या. त्यांची नजर भागुबाईवर होती. सुकेशनीताईंचीही. एकीकडे कुलूप, दुसरीकडे लेकीचा डोळा. कुणीकडे वळावे? दोन्ही अंगांनी भिंत आणि मधे ती.

"न्हाई येत, बाई," ती म्हणाली.

शिवकन्येने बोट काढून घेतले. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ती आईच्या ओठांकडे पाहत राहिली, जशी तांब्या घेऊन पाहायची तशी. आणि ओठांनी जे सांगितले ते तिने घेतले.

प्रमाणपत्र यथायोग्य आले. सुकेशनीताईंनी सेलूच्या तहसिलात अर्ज दाखल केला. आता तलाठी घरी येऊन चौकशी करणार, त्यांचा अहवाल गेला की मंजुरी होणार. आनंदाचाच दिवस होता तो. परंतु दुसऱ्या सकाळी भागुबाईने पाणी तापवून काढून दिले, तर शिवकन्या मोरीत उभीच. तांब्याला हात नाही.

"येतं तुला," भागुबाई म्हणाली.

"मला येत न्हाई," शिवकन्या म्हणाली. हट्टाने नव्हे. आईने सांगितलेली गोष्ट आईलाच आठवून द्यावी, तशी.

वेणी येत नाही. नाडी येत नाही. घास येत नाही. पुरात घरातून एकेक भांडे वाहून जावे, तसे वर्षांचे शिकवलेले एकेक गेले. भागुबाईने 'येतं तुला' म्हणून घसा कोरडा केला. पण पोरीने तर आईचा शब्द मानलाच होता, शेवटचा मानला होता, मोठ्या माणसांसमोर ठासून म्हटलेला. भागुबाई खंडेरायाच्या देवळात गेली, चिमूटभर भंडारा जिभेवर ठेवून तोंड मिटून बसली, आणि जीभ पिवळी घेऊन परत आली. रानातून मल्हारीचा फोन आला तेव्हा तिने सगळे सांगितले.

"बोललीसच कशाला?" तो म्हणाला. मग मेंढरांचा आवाज तेवढा येत राहिला. "आन न बोलून तरी काय केली असतीस," असे म्हणून त्यानेच फोन ठेवला.

भक्ताने देवाला साकडे घालावे, तसे भागुबाईने पोरीला घातले. रानात जाणे बंद केले. हातउसने आणून दिवस काढले, आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली. शिवकन्येला पिठाचा मऊपणा फार आवडे, म्हणून भाकरीपासून आरंभ. परातीत पीठ, पिठावर पोरीचा तळवा, तळव्यावर आईचा. आज थापायचे, उद्या थापायचे. आणि एका दुपारी भागुबाईने आपला हात हळूच उचलला, तरी खालचा तळवा थांबला नाही. थाप, थाप. भाकरी वेडीवाकडी, पण गोल व्हायला निघालेली. पोरीच्या ओठांचे कोपरे हलत होते. भागुबाईने उचललेला हात तसाच वर धरला. बोलावे तर भीती, न बोलावे तर भीती.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. तलाठी नागेशराव चौकशीला आले होते. त्यांच्या मागोमाग शेजारची धुरपताबाई, कुणी काय विचारतो ते ऐकायला. तलाठी उंबऱ्यावरच थबकले. त्यांनी आधी हातातल्या प्रमाणपत्राच्या प्रतीकडे पाहिले, मग परातीकडे.

"बघा की साहेब, कशी थापायलीय," धुरपताबाई कौतुकाने म्हणाली. "लय गुणाची पोरगी."

बापहो, माया करून कुणी घात करतो, तो असा.

"मंग ही समदं करती व्हय?" नागेशरावांनी विचारले. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. लिहायचे होते म्हणून त्यांनी विचारले.

शिवकन्येचा तळवा चालूच होता. तिने मान वर केली आणि आईच्या ओठांकडे पाहिले. 'हो' म्हटले तर अर्ज गेला, आणि उद्या सकाळी पुन्हा कडी. 'न्हाई' म्हटले तर हा तळवा इथेच थांबला, आणि या खेपेला बहुधा कायमचा. नीट समजावून सांगावे, तर ते कळण्याएवढी समज त्या पोरीपाशी नव्हती. तिला एकच शब्द कळत होता, हा किंवा तो.

भागुबाईने शब्द टाळला. ती पुढे सरकली, लेकीच्या हातावर आपला हात ठेवला आणि तलाठ्यांना म्हणाली, "माझ्या हातानं करायलीय, साहेब."

ते खरेही होते. नागेशरावांनी मान हलवली, काहीतरी लिहिले, भागुबाईचा अंगठा घेतला आणि म्हणाले की माझ्याकडून काम झाले म्हणून समजा. धुरपताबाई त्यांना वाट दाखवत गेली.

आणि हाताखालचा हात थांबला होता. शिवकन्येने तो अलगद काढून घेतला, परकराला पुसला आणि मांडीवर ठेवला.

"न्हाई?" तिने विचारले.

दारापलीकडे नागेशराव अजून धुरपताबाईशी बोलत होते. मोटारसायकल सुरू व्हायची होती. भागुबाईने 'येतं तुला' मिटल्या ओठांआड धरले आणि गाडी कधी जाते म्हणून कान बाहेर लावून बसून राहिली.