उसवलेलं नाव

मेसेज गुरुवारी दुपारी आला. शनिवारी साडेदहाला मल्लेश्वरममध्ये कॉफीला भेटू या, इंटरव्ह्यू असा नाही, नुसत्या गप्पा, अगदी कॅज्युअल, नटूनथटून येऊ नकोस. खाली नकाशावर एक लाल टिंब. मी तो तीन-चार वेळा वाचला आणि मोबाइल पालथा घालून ठेवला.

नोकरी जाऊन सात महिने झाले होते आणि हा सहावा इंटरव्ह्यू. आधीचे पाच ऑफिसांत झाले, पाचही वेळा मी तोच निळा कुर्ता घालून गेले. ऑफिसातला इंटरव्ह्यू मला त्यातल्या त्यात झेपतो. मध्ये टेबल असतं, गळ्यात व्हिजिटरचं कार्ड असतं, समोर पाण्याची बाटली ठेवलेली असते, कुणी केव्हा बोलायचं ते ठरलेलं असतं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे मला पहिलं वाक्य आधी मनात जुळवून घ्यावं लागतं. शाळेपासून असंच आहे. नुसत्या गप्पा मारायला ये, असं कुणी म्हटलं की ते वाक्य सापडतच नाही. तिसऱ्या इंटरव्ह्यूनंतर त्यांनी कळवलं होतं की काम चांगलं आहे, पण मी मोकळी होत नाही. ते खरंच होतं, त्यामुळे रागावताही आलं नाही.

या वेळी मागे एक मुदत लागलेली होती. मामांचा हेब्बाळला दातांचा दवाखाना आहे. तिथं काउंटरवर बसणारी मुलगी लग्न होऊन चालली होती आणि मामांनी ती जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. सोमवारपर्यंत सांग, म्हणाले. मामा चांगले आहेत, जागाही वाईट नव्हती. पण मी स्वतःला ओळखून होते. एकदा तिथं बसले की मी आपण होऊन उठणार नाही. वर्षानुवर्षं पेशंटची नावं लिहीत बसेन आणि आपल्याला दुसरं काही येत होतं हे हळूहळू विसरेन. मला येतं ते तरी काय, एखादं ॲप किंवा मशीन कसं वापरायचं ते साध्या इंग्रजीत, पायरी पायरीनं लिहिणं. तेवढंच येतं, म्हणून ते सोडवत नव्हतं.

तर, घालायचं काय.

आमच्या घरी कपड्यांचे तीन प्रकार आहेत. घरात घालायचे, बाहेर जायचे आणि कार्याला घालायचे. कपाटात त्यांचे तीन कप्पे आहेत आणि कपडा वरून खाली उतरत जातो. कार्याचा जुना झाला की बाहेरचा, बाहेरचा विटला की घरचा, घरचा फाटला की पोतेरं. उलटा प्रवास आजवर कुठल्या कपड्यानं केलेला नाही. कॅज्युअल यातल्या कुठल्या कप्प्यात येतं ते मला इंग्रजी शाळेत बारा वर्षं काढूनही कळलेलं नाही. साधा हवा पण गबाळा नको, चांगला हवा पण मुद्दाम घातलेला वाटायला नको. आईला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "मग निळा कुर्ताच घाल की. इस्त्री करून ठेवलाय."

निळा नको म्हणाले. का ते सांगितलं नाही. तो पाच वेळा नापास झाला होता.

बाकी कपाटात होते ते टी-शर्ट. या शहरात नोकरी केलेल्या कुणाचंही कपाट उघडलं तर निम्मे टी-शर्ट कंपन्यांनी दिलेले निघतील. रुजू झालं की टी-शर्ट, वर्ष झालं की टी-शर्ट, कंपनीनं काही नवीन बाजारात आणलं की टी-शर्ट. विकत घ्यायची वेळच येत नाही. आपल्याला नको झाले की ते वडील वापरतात. सकाळी आमच्या राजाजीनगरच्या पार्कात गेलं की निवृत्त माणसं आपापल्या मुलांच्या कंपन्या छातीवर लावून गोल फिरताना दिसतात. अप्पा त्यांच्यातलेच. रुजू होताना मला एकसारखे दोन टी-शर्ट मिळाले होते, गडद हिरवे, कॉलरचे, जाड कापडाचे, छातीवर डाव्या बाजूला पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं कंपनीचं नाव. एक मी अप्पांना दिला. माझी नोकरी गेली तरी ते तो घालून फिरायला जात राहिले. मला वाटायचं, त्यांच्या लक्षात येत नसेल.

माझा घडीतच पडून होता. शुक्रवारी दुपारी तो काढून जीन्सवर घालून बघितला. बरा दिसत होता. ज्यांनी मला एका व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत काढून टाकलं त्यांचं नाव तेवढं त्यावर होतं. आरशासमोर त्या नावावर हात ठेवून उभी होते तेव्हा आई आत आली. म्हणाली, "उसवू या का?"

तिनं अप्पांच्या दाढीचं ब्लेड कागदात धरून अर्धं मोडलं. मी भुवयांचा चिमटा आणला. पलंगावर उजेडाकडे तोंड करून दोघी बसलो आणि टी-शर्ट उलटा केला. नावाच्या मागच्या बाजूला जाड कागदासारखा पांढरा थर लावलेला असतो आणि टाके त्यातून आरपार गेलेले असतात. मागून दोन-तीन टाके कापायचे, मग सुलट करून वरचा दोरा चिमट्यानं ओढायचा, परत उलट करायचा. पहिलं अक्षर निघायला अर्धा तास लागला.

"तुला काढायला दहा मिनिटं लागली म्हणतेस," आई चष्मा पुसत म्हणाली. "हे बघ, चहा पिऊन झाला तरी हलत नाही मेलं."

मी हसले. नोकरी गेल्यापासून त्या विषयावर आम्ही दोघी पहिल्यांदाच हसलो असू. तेवढ्यात अप्पा दारात आले, पलंगभर पडलेले पांढरे दोरे बघितले, आणि पेपर घेऊन हॉलमध्ये गेले.

संध्याकाळपर्यंत नाव निघालं, टाक्यांची भोकं राहिली. आईनं ओला रुमाल ठेवून त्यावर इस्त्री फिरवली, नखानं कापड खरवडलं. लांबून काही कळत नव्हतं. जवळून मात्र अक्षरांचे आकार दिसायचे. आई म्हणाली, इतक्या जवळून कोण बघतंय, सरी आहे, चालेल.

शनिवारी रिक्षानं गेले. मी मनात एसी कॅफे धरून चालले होते, गुबगुबीत खुर्च्या, मंद गाणी. लाल टिंबावर उतरले तर समोर दर्शिनी. टोकन घ्यायचं आणि उभ्यानं खाऊन बाहेर पडायचं, असं हॉटेल. बसायला जागाच नाही. छातीइतक्या उंचीची गोल स्टीलची टेबलं आणि त्यांच्याभोवती इडली खाणारी माणसं. मेसेज पाठवणारी बाई आधीच येऊन उभी होती. चाळिशीच्या पुढची, चुरगळलेला सुती कुर्ता, पायात रबरी चपला, खांद्याला पिशवी आणि त्यातून डोकावणारी कोथिंबीर. मी दोन दिवस कपड्यांचा विचार केला होता. तिनं दोन मिनिटंही केला नसावा. ते बघून मला हायसं वाटायला हवं होतं, पण फक्त दमल्यासारखं झालं.

तिनं दोन कॉफ्या आणल्या. तिची चार-पाच माणसांची कंपनी होती, हॉस्पिटलांतल्या मशीनच्या माहितीपुस्तिका लिहिणारी. मी काय काय लिहिलंय ते तिनं विचारलं, मी सांगितलं. पेला गरम होता, तो सारखा या हातातून त्या हातात करावा लागत होता. त्यामुळे हातांचं काय करायचं हा प्रश्न तरी सुटला. मग मी आधीची नोकरी का सोडली ते तिनं विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. नवीन काही शिकायचं होतं म्हणून. पाच वेळा दिलेलं, गुळगुळीत झालेलं उत्तर. ते द्यायला तोंड उघडलं तेव्हा दिसलं की ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. सकाळचं ऊन तिरपं आत येत होतं आणि टेबलाच्या कडेच्या बरोबर वर तो टी-शर्टवरचा भाग होता.

"इथे काय होतं?" तिनं विचारलं.

मी पेला खाली ठेवला. आता खोटं जुळवायलाही ताकद नव्हती.

"कंपनीचं नाव," मी म्हणाले. "मी सोडली नाही. त्यांनी काढलं. नाव काल आईनं आणि मी उसवलं."

"कसं?"

मला वाटलं, नोकरी कशी गेली ते विचारतेय. पण ती बोटानं त्या जागेकडेच दाखवत होती. मग मी सांगितलं. ब्लेड, चिमटा, मागचा थर, आधी मागून का कापायचं, पुढून कापलं तर काय होतं, ओला रुमाल. सांगताना पहिलं वाक्य जुळवावं लागलं नाही, हे नंतर रिक्षात माझ्या लक्षात आलं. तिनं मध्ये दोन प्रश्न विचारले, तेही उसवण्याबद्दलच.

"हे लिहून पाठव," ती पिशवी सावरत म्हणाली. "एक पान. ज्यानं कधी सुई हातात धरली नाही त्याला जमलं पाहिजे. सोमवारी सकाळपर्यंत."

आणि ती गेली. माझी कॉफी निम्मी राहिली होती. ती मी थंड झाल्यावर प्यायले.

दुपारी बसून लिहिलं. अकरा पायऱ्या झाल्या. रविवारी सकाळी ते पान जेवणाच्या टेबलावर ठेवून मी विचार करत होते की सुई न धरलेला माणूस आणायचा कुठून, आणि अप्पा आपला टी-शर्ट घेऊन आले. धुऊन वाळलेला. तो पानाशेजारी ठेवून ते खुर्चीवर बसले.

"याच्यावर करून बघतो," म्हणाले. मग चष्मा लावता लावता, माझ्याकडे न बघता, "पार्कात सगळ्यांना तू अजून तिथंच आहेस म्हणून सांगितलंय. विचारतात, मग सांगतो."

मी हं म्हणाले. आमच्या घरात याच्यापुढे बोलणं जात नाही. सात महिने ते रोज सकाळी माझ्यासाठी खोटं बोलत होते आणि मी समजत होते की त्यांना नाव दिसतच नाही.

मी मदत करायची नाही असं ठरलं. अप्पा बँकेतून निवृत्त झालेत. प्रत्येक पायरी सर्क्युलर वाचल्यासारखी दोनदा वाचून मगच हात घालत होते. पाचव्या पायरीला ब्लेड कापडात घुसलं आणि डाळीएवढं भोक पडलं. ब्लेड आडवं धरायचं हे मी लिहिलंच नव्हतं. आईचं आणि माझं ते आपोआप झालं होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघून म्हणाली, "झालं. पोतेरं."

"पायरी चुकलीय," अप्पा म्हणाले, "माझं नाही चुकलं."

त्यांचंच बरोबर होतं. मी पायरी दुरुस्त केली. पुढचं त्यांनी विनातक्रार केलं, जेवण थांबवून. संध्याकाळी मी पान पाठवून दिलं.

सोमवारी अकराच्या सुमाराला उत्तर आलं. सातवी पायरी अजून कळत नाही, बाकी ठीक. एक तारखेपासून तीन महिने काम करून बघू, घरूनच, दर पंधरा दिवसांनी शनिवारी कॉफीला भेटायचं. अभिनंदन वगैरे काही नव्हतं. मी आधी मामांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. ते बरं म्हणाले आणि जेवलीस का विचारलं. फोन ठेवल्यावर मला आनंद व्हायची मी वाट बघत होते, पण दिवसभर रांगेत उभं राहून घरी आल्यावर पाय दुखतात तसं सगळं अंग दुखत होतं. तशीच आडवी झाले आणि तीन तास झोपले.

उठले तेव्हा आईनं विचारलं की आता कामाला काय घालणार. घरूनच आहे, म्हटल्यावर तिनं खुर्चीवरचा माझा हिरवा टी-शर्ट उचलला आणि मला न विचारता घरच्या कप्प्यात ठेवला. अप्पांच्या टी-शर्टाच्या भोकाला तिनं आतून हिरव्या कापडाचा तुकडा लावला. रंग जुळला नाही.

मंगळवारी सकाळी तोच घालून अप्पा पार्कात गेले. नेहमीपेक्षा अर्ध्या तासानं उशिरा आले. नाव कुठं गेलं ते आज पार्कात सगळ्यांना सांगावं लागलं असणार. दारात चपला काढता काढता ते म्हणाले, "स्वल्प गार आहे आज बाहेर," आणि पेपर घेऊन बसले.