डोक्यावरचा हात

पाणी शुद्ध करायला टाकतात त्या टीसीएल पावडरीचा वास आला की मला सांगलीतला तो छातीइतक्या पाण्याचा पोहण्याचा तलाव आठवतो. आईची कंबर कैक वर्षं दुखत होती, म्हणून डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितले होते. तिचा सगळा जन्म कवठे महांकाळकडच्या माळावर लांबून घागरी आणण्यात गेलेला. माझ्या बायकोचा पंजाबी ड्रेस घालून ती लाजत पायऱ्या उतरली, आधी पाण्याला हात जोडले आणि मग माझं मनगट घट्ट धरून चालू लागली. चार पावलांत तिचा दुसरा हात आपसूक डोक्यावर गेला. व्यायाम शिकवणारी मुलगी काठावरून म्हणाली, "आजी, हात खाली सोडा." "सोडला तर सांडंल की गं!" आई बोलून गेली आणि स्वतःच खुदखुदली. "पोरा, आज कंबर हाय का न्हाई त्येच कळंना बग," म्हणाली. आता आई नाही, आणि कंबर माझी धरलीय. काल त्याच तलावात चालता चालता मी हात डोक्यावर नेऊन बघितला. घागर मी जन्मात कधी उचलली नव्हती. "काका, हात खाली सोडा," काठावरून आवाज आला. मला तो सोडवेना.